ती ओळ विसरलो नव्हतो

महोदय,

मराठी रॉक आता कुठे रुजू लागलंय, अशा अर्थाचा लेख आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचला. लेख चांगला आहे, खटकला तो फक्त ‘आता’ हा शब्द. माझ्याकडे बुटांचा एक खोका आहे. त्यात १९८९ ते १९९७ या काळात मी स्वतः रेकॉर्ड केलेल्या रॉक गाण्यांच्या ३१ कॅसेट आहेत आणि सगळी गाणी मराठी आहेत. दिवाळीच्या आवराआवरीत हा खोका भंगारात निघाला होता. भाच्याने दारातून परत आणला, म्हणून हे पत्र.

मी सातपूरच्या एका कारखान्यात फिटर होतो. सेकंड शिफ्ट करून यायचो, जेवायचो आणि गिव्हसनची गिटार घेऊन मागच्या खोलीत बसायचो. इंग्रजी गाणी वाजवता यायची, पण आपले शब्द त्या ठेक्यावर बसेनात. प्रत्येक ओळ भाषण दिल्यासारखी वाटायची. मग एका पौषात, निवृत्तिनाथांच्या यात्रेच्या दिंड्या त्र्यंबक रोडने चालल्या होत्या. मी सायकल धरून कडेला उभा होतो. त्यांचा अभंग कानावर येत होता: सहा अक्षरं, सहा अक्षरं, सहा अक्षरं, मग चार. अभंग शाळेत पाठ केला होता, मोजला मात्र त्या दिवशी. रॉकच्या एका बारमध्ये, म्हणजे तालाच्या एका आवर्तनात, आठ ठोके धरा. सहा अक्षरं म्हटली की दोन ठोके श्वासाला उरतात. शेवटच्या चार अक्षरांनंतर अर्धा बार मोकळाच राहतो. मी त्याला जोडून पुढचा अख्खा बारही सोडून द्यायचो. गिटार हाताने दाबायची, गप्प बसायचं, डोक्यात मोजायचं आणि मग पुन्हा सुरू.

भोंगा वाजला की / रस्ता भरे सारा / अंगावर वारा / पोळी थंड.

आणि शांतता. माझ्या मते गाण्यातलं सगळ्यात चांगलं तेच होतं.

१९९४ मध्ये फंडातून पैसे उचलले, पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला गेलो आणि सहा गाणी स्टुडिओत रेकॉर्ड केली. तासाचे पैसे होते, त्यामुळे घड्याळाकडे बघत गायलो. दुसऱ्या दिवशी मिक्सिंग ऐकलं तर प्रत्येक ‘पोळी थंड’नंतर बासरी! कीबोर्डवरची. रेकॉर्डिस्ट भला माणूस होता. त्याला वाटलं, गायक ओळ विसरला, म्हणून त्याने ती जागा भरून दिली. परतीची गाडी गाठायची होती, मी काही बोललो नाही. ५०० कॅसेट काढल्या. साठेक अजून घरात आहेत, कुणाच्या लग्नात देतासुद्धा येत नाहीत.

खरी गाणी खोक्यात आहेत. काही टू-इन-वनवर (रेडिओ आणि टेप एकत्र) केलेली, काही मित्राने दुबईहून आणलेल्या चार ट्रॅकच्या, म्हणजे एकाच टेपवर चार आवाज वेगवेगळे भरणाऱ्या यंत्रावर. ते यंत्र टेप दुप्पट वेगाने पळवायचं आणि चारही ट्रॅक एकाच दिशेने भरायचं, म्हणून साठ मिनिटांच्या कॅसेटवर जेमतेम १५ मिनिटं मावायची. हीच कॅसेट घरातल्या साध्या डेकवर लावली की एका बाजूला गिटार रेंगाळते, दुसऱ्या बाजूला मी अर्ध्या वेगात उलटा गातो. आमच्या घरी तिचं नाव ‘भुताची’ पडलं. कुणाच्या माळ्यावर अशी भुताची कॅसेट असेल तर ती बिघडली समजून टाकू नका. चार ट्रॅकचं चालू यंत्र शोधा. आणि कुठलीही जुनी कॅसेट लावण्याआधी मागचे दोन प्लॅस्टिकचे तुकडे मोडा, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं तरी पुसली जाणार नाही. माझी दोन गाणी पाहुण्यांच्या पोराने ‘हॅलो हॅलो’ करून संपवली आहेत.

एका गाण्याची गंमत सांगण्यासारखी आहे. लाईट गेली होती, म्हणून सेलवर रेकॉर्ड केलं. सेल उतरत गेले, टेप हळू धावली, त्यामुळे आता नीट वेगाने ऐकताना गाणं चढत जातं. सुरू होतं ई या स्वरात, संपतं जवळपास अर्धा स्वर वर, एफ मध्ये, आणि शेवटच्या कडव्यात माझा आवाज पोरगेला होतो. नशीब, प्रत्येक टेकच्या आधी आणि नंतर ट्यूनिंग फोर्क (एकच ठरलेला स्वर देणारा लोखंडी चिमटा, माझा ४४० कंपनांच्या ‘ए’चा) गुडघ्यावर आपटायची मला सवय होती. दोन्ही टोकांना तो ए सापडला, शेवटचा चढलेला, आणि भाच्याने त्यावरून संगणकावर वेग सरळ केला. तेवढं करू दिलं, कारण तो दोष सेलचा होता. बेसूर गायलोय ते तसंच ठेवलं आहे.

मागच्या आठवड्यात भाच्याने ‘भोंगा’ हे गाणं संगणकात घेतलं. कॅसेटमधली गाणी वेगळी करायला म्हणून संगणक शांतता शोधतो म्हणे. संगणकाने प्रत्येक ‘पोळी थंड’पाशी गाणं कापलं आणि एका गाण्याचे पाच तुकडे करून दिले. आधी स्टुडिओ, आता हा. भाच्याला ते परत जोडायला बसवलं आहे. तिसऱ्या मोकळ्या जागेत शेजारच्यांच्या कुकरची शिट्टी ऐकू येते, अगदी ठेक्यात. ती काढू का, असं त्याने विचारलं. मी नको म्हणालो.

– एक निवृत्त फिटर, सातपूर, नाशिक