धरणातील गाळ आणि सोनारचे मोजमाप

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पावसाळ्यात कोयनेचा साठा किती टीएमसी झाला, हे आपल्या दैनिकात रोज छापून येते आणि कृष्णाकाठची माणसे ती बातमी सर्वांत आधी वाचतात. हा आकडा पाण्याच्या पातळीवरून, क्षमता-तक्ता पाहून काढला जातो. साहजिकच जलाशयाच्या तळाचे मोजमाप अचूक असेल तरच तो खरा मानता येतो. म्हणूनच ‘गाळाने धरणाची क्षमता घटली’ अशा बातम्यांत मोजमापाची पद्धतही द्यावी, ही विनंती.

रडारच्या लहरी पाण्यात थोड्याच अंतरावर विरतात, त्यामुळे तेथे ध्वनीवर चालणारे सोनारच उपयोगी पडते. बोटीच्या बुडाशी बसवलेला ट्रान्सड्यूसर ध्वनीचे स्पंदन, म्हणजे पिंग, खाली सोडतो आणि तळावरून आलेला प्रतिध्वनी टिपतो. ध्वनीचा वेग सेकंदाला १५०० मीटर धरला आणि प्रतिध्वनी ८० मिलिसेकंदांत परतला, तर जाण्यायेण्याचे अंतर १२० मीटर आणि खोली ६० मीटर होते.

खरी मेख या वेगातच आहे. गोड्या पाण्यात तो २० अंश सेल्सिअसला सुमारे १४८२ मीटर, तर ३० अंशांना १५०९ मीटर असतो. एवढ्या फरकाने ६० मीटर खोलीत जवळजवळ एक मीटरची चूक होते. उन्हाळ्यात वरचे पाणी तापते आणि तळाचे थंड राहते, म्हणून निरनिराळ्या खोलींवर ध्वनीवेग मोजून घेणे अत्यावश्यक ठरते.

वारंवारतेचेही तसेच आहे. २०० किलोहर्ट्झचा ध्वनी मऊ गाळाच्या वरच्या थरावरूनच परततो, तर ३० किलोहर्ट्झच्या आसपासचा ध्वनी त्यात शिरून खालच्या घट्ट थरापर्यंत पोहोचतो. शिवाय कोयनेसारख्या अरुंद, तीव्र उताराच्या खोऱ्यात झोत रुंद असेल तर प्रतिध्वनी आधी बाजूच्या उतारावरून येतो आणि खोली प्रत्यक्षाहून कमी भरते. सिंगल-बीम यंत्र फक्त बोटीखालच्या रेषेवरची खोली देते व मधला भाग अंदाजाने भरला जातो. मल्टिबीम यंत्र तळाचा सलग पट्टाच मोजते. म्हणजे दोन सर्वेक्षणांतील सगळा फरक गाळाचाच असेल असे नाही, काही फरक निव्वळ पद्धतीचाही असू शकतो.

तेव्हा अशा बातमीत सर्वेक्षणाचे वर्ष, यंत्राचा प्रकार, वारंवारता आणि ध्वनीवेग कसा घेतला, एवढे तरी आवर्जून छापावे, आणि जलसंपदा विभागाने ही माहिती मागण्याची वाट न पाहता अहवालासोबतच द्यावी.

– एक वाचक, कराड (जि. सातारा)