शिकवणाऱ्याच्या बायबलातल्या तारखा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

चर्चमधली तरुण मुलं गळत चालली आहेत, याची चर्चा सगळीकडे होते. गाणी जुनी, उपदेश लांब, मोबाइल हातातून सुटत नाही, अशी कारणं दिली जातात. त्यांना शिकवणाऱ्या माणसाचं आतून काय चाललंय, हे मात्र फारसं कोणी विचारत नाही. मी एकवीस वर्षं युवक संघात शिकवते आहे. त्यातली सहा वर्षं मी पूर्ण कोरडी होते आणि त्या सहा वर्षांत माझा एकही वर्ग चुकला नव्हता. म्हणून हे पत्र.

ते माझ्या लक्षात आलं एका मुलीमुळे. तिचे वडील लांबलेल्या आजारपणात गेले होते. वर्ग संपल्यावर ती मागे थांबली आणि म्हणाली, "ताई, आम्ही घरातल्या सगळ्यांनी रोज प्रार्थना केली. मग देवानं ऐकलं का नाही?" त्याच महिन्यात मी प्रार्थनेवर पाठ घेतला होता. देवाची उत्तरं तीन प्रकारची असतात, 'हो', 'नाही' आणि 'थांब', हे मुद्दे तोंडपाठ होते. ते मी तिला सांगितले, अर्ध्या मिनिटात. तिनं मान हलवली. पुढचे चार रविवार ती आली नाही.

चौथ्या रविवारी रात्री मी माझं बायबल चाळत बसले. तरुणपणी मी वचनांच्या बाजूला शाईनं तारखा लिहायची: आईचं ऑपरेशन, नोकरी सुटली तो दिवस, मैत्रिणीशी अबोला धरला तो आठवडा. पुढे कधीतरी तारखा थांबल्या होत्या. त्यांच्या जागी पेन्सिलीनं 'पाठ ३', 'शिबिर, दुसरा दिवस', 'इथे उदाहरण द्यायचं' असं लिहिलेलं. सहा वर्षांत मी वचन उघडलं ते फक्त दुसऱ्यांना वाढण्यासाठी. माझ्या स्वतःच्या पानात काहीच पडलं नव्हतं.

इफिस शहरातल्या मंडळीच्या वडीलजनांचा, म्हणजे पुढाऱ्यांचा, निरोप घेताना प्रेषित पौल सांगतो, आपल्याकडे आणि सगळ्या कळपाकडे लक्ष द्या. आपला तरुण सहकारी तीमथ्य याला लिहितानाही क्रम तोच आहे: आपल्याकडे आणि आपल्या शिक्षणाकडे लक्ष ठेव. दोन्ही ठिकाणी शिकवणारा माणूस आधी येतो. ही वचनं मी कितीदा तरी समजावून सांगितली होती, आणि जगत होते नेमकी उलटी.

सावरताना मी एक साधा नियम केला. जे पुस्तक वर्गात चालू असेल ते सकाळी उघडायचं नाही. मुलांबरोबर मार्कचं शुभवर्तमान चालू असेल तर माझ्यासाठी स्तोत्रसंहितेतली स्तोत्रं. सुरुवातीला फार जड गेलं. प्रत्येक ओळ वाचली की 'हे अमक्याला सांगायला हवं' असंच मनात येई. दीड-दोन महिने गेल्यावर एखादी ओळ माझ्यापाशी थांबू लागली.

तिथे मला ८८वं स्तोत्र भेटलं. विलापाची इतर बहुतेक स्तोत्रं शेवटाकडे भरवशावर येऊन ठेपतात. हे येत नाही. मूळ इब्री (हिब्रू) भाषेत त्याचा शेवटचा शब्द 'अंधार' हाच आहे. ते वाचल्यावर मी त्या मुलीच्या घरी गेले. तिची आई शेजारी बसली होती. मी आधी माफी मागितली, मग आम्ही तिघींनी ते स्तोत्र मोठ्यानं वाचलं. अर्थ मी सांगितला नाही. मुलगी बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "हे बायबलमध्ये आहे?" पुढच्या रविवारी ती आली.

यातून माझी शिकवण्याची रीतही बदलली. पूर्वी मी पाऊण तास बोलायचे. आता बारा-पंधरा मिनिटं, एकच उतारा, आणि उरलेला वेळ मुलांचा. मध्यरात्रीपर्यंत लांबलेलं पौलाचं भाषण ऐकता ऐकता युतुख नावाचा तरुण तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून खाली पडला, ही गोष्ट आपण सांगतो. मला त्यातला पौल आठवतो, जो भाषण थांबवून खाली उतरतो आणि त्या मुलाला कवटाळतो. समोरच्याचं लक्ष उडालं की मी आता आवाज चढवत नाही, थांबते.

प्रश्न विचारल्यावर गप्प राहणं हे मात्र मला शिकावं लागलं. शिक्षणक्षेत्रातल्या संशोधक मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात दाखवून दिलं होतं, की शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी एकच सेकंद थांबतात. तो वेळ तीन सेकंदांवर गेला तरी मुलांची उत्तरं लांब आणि विचारपूर्वक होतात. मी मनात दहापर्यंत मोजते. 'तुम्ही मला कोण म्हणून म्हणता?' हा येशूचा प्रश्न मी वर्षानुवर्षं स्वतःच विचारून स्वतःच सोडवत होते. एकदा खरोखर थांबले, तर कधी न बोलणारा एक मुलगा म्हणाला, "मला अजून ठरवता येत नाही." त्याच्या त्या वाक्यावर आमचे तीन रविवार गेले. आजवरचे माझे सगळ्यांत चांगले वर्ग तेच.

झोपेबद्दलही लिहायला हवं. रात्री साडेअकरा-बाराला येणाऱ्या प्रत्येक मेसेजला उत्तर देणं म्हणजे सेवा, असं मी धरून चालले होते. झुडपाखाली बसून मरण मागणाऱ्या एलीया संदेष्ट्याला बायबलमध्ये देवदूत उपदेश करत नाही. भाकर आणि पाणी देतो, झोपू देतो, पुन्हा उठवून पुन्हा खायला देतो. आता रात्री दहानंतर मी फोन फक्त जिवाशी गाठ असेल तर घेते. मुलांकडे आणखी एका ताईचा नंबर आहे. कोणत्याही मुलाशी खासगी बोलायचं तर दुसरं मोठं माणूस नजरेच्या टप्प्यात असतं. कोणी जीव नकोसा झाल्याचं बोललं, तर प्रार्थना करतोच, पण त्याच दिवशी घरच्यांना सांगून डॉक्टरांकडेही नेतो. यात विश्वास कमी पडतो असं मला कधीच वाटलं नाही.

आता विनंती पाळकांना आणि मंडळीच्या समित्यांना. दिवसभर एकट्यानं लोकांचा न्यायनिवाडा करणाऱ्या मोशेला त्याचा सासरा इथ्रो यानं बजावलं होतं, की यानं तूही थकशील आणि लोकही थकतील. 'लोकही' हा शब्द आपण वगळतो. थकलेल्या शिक्षकापुढे बसलेली मुलंही थकतात. युवकांच्या शिक्षकाला दर महिन्याला एक रविवार नुसतं उपासनेत बसू द्या. वर्षातून एक महिना पूर्ण सुट्टी द्या. 'किती मुलं आली?' हे विचारता, त्याआधी 'तुम्ही स्वतः सध्या काय वाचता?' हे विचारा. सहा वर्षांत मला हा प्रश्न एकानंही विचारला नाही. विचारला असता तर मी फार आधी रडले असते.

आणि काम मुलांवरही सोपवा. १८४४ साली लंडनमध्ये यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशन (वायएमसीए) ही तरुणांची संघटना सुरू करणारा जॉर्ज विल्यम्स कापडाच्या दुकानात नोकरी करणारा बावीस वर्षांचा तरुण होता. आपण याच वयाच्या मुलांना खुर्च्या लावायला सांगतो.

ती मुलगी आता तेवीस वर्षांची आहे आणि दर तिसऱ्या रविवारी वर्ग तीच घेते. त्या दिवशी मी मागच्या बाकावर बसते. पेन्सिल घरी ठेवलेली असते. पुढच्या महिन्यात मी चारही रविवार शिकवणार नाही, मुलांना तसं सांगून झालं आहे.

आपली,
युवक संघातली एक शिक्षिका