नावं खोडून भागत नाही

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तालुक्याच्या आरोग्य पाहणीतली नावं आणि मोबाइल नंबर काढून फाइल सर्वांना खुली करायची, असं तू लिहितोस. एवढ्यावर ती खुली करू नकोस. आधी अमेरिकी संगणकशास्त्रज्ञ लटान्या स्वीनी यांचं काम बघ.

१९९० च्या दशकात मॅसेच्युसेट्समध्ये सरकारी कर्मचाऱ्यांच्या दवाखान्यातल्या नोंदी नावं गाळून संशोधकांना दिल्या होत्या. स्वीनी तेव्हा एमआयटीत शिकत होत्या. त्यांनी २० डॉलरला केंब्रिज शहराची मतदार यादी विकत घेतली आणि जन्मतारीख, लिंग, पिनकोड हे तीन रकाने त्या नोंदींशी जुळवले. केंब्रिजमध्येच राहणाऱ्या, त्या राज्याच्या गव्हर्नर वेल्ड यांच्या जन्मतारखेचे तिथे सहाच मतदार, त्यांत पुरुष तीन आणि त्यांच्या पिनकोडमध्ये ते एकटेच. आजाराची नोंद सापडली! पुढे स्वीनी यांनी संशोधक पिएरांजेला सामाराती यांच्यासोबत 'के-ॲनॉनिमिटी' मांडली: प्रत्येक नोंद निदान 'के' जणांत मिसळलेली हवी, 'के' म्हणजे आपण ठरवलेला आकडा.

आपल्या मतदार यादीत जन्मतारीख नसते, पण वय, लिंग, घर क्रमांक आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं. छोट्या गावात तेवढं पुरतं.

म्हणून असं कर. गाव, वय, लिंग, जात, व्यवसाय असे बाहेरच्याला माहीत असू शकतील ते रकाने एकत्र जोड आणि एक्सेलमध्ये प्रत्येक जोडणी किती वेळा येते ते मोज. सर्वांत लहान आकडा म्हणजे तुझा 'के'. तो १ आला तर ती व्यक्ती उघडी पडली. मग वयाऐवजी पाच वर्षांचा गट कर, गावाऐवजी प्राथमिक आरोग्य केंद्र घे, पुन्हा मोज. किमान ५ तरी धर. आजार नाजूक असेल तर आणखी जास्त. तरीही त्या आकड्यापर्यंत न पोचलेल्या सुट्या ओळी सरळ गाळ, त्यांच्यापायी सगळी फाइल ढोबळ करू नकोस.

एक फट मात्र राहतेच. गटातल्या पाचही जणांना क्षय असेल, तर कोण कुठला हे न कळताही सगळं कळतं. म्हणून प्रत्येक गटात आजारही वेगवेगळे आहेत ना, हे डोळ्यांनी बघ. आणि एकाच माहितीच्या दोन वेगळ्या आवृत्त्या कधीही देऊ नकोस. दोन्ही शेजारी ठेवल्या की झाकलेलं उघडं पडतं.

स्वीनी यांनी २०१३ मध्ये एका निबंधात नावावरून बदलणाऱ्या ऑनलाइन जाहिरातींतला वर्णभेद दाखवला, २०१४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकांचं हित जपणाऱ्या सरकारी संस्थेच्या मुख्य तंत्रज्ञ झाल्या. तोही निबंध वाच, पण तुझ्या कामाला आधी मतदार यादीचा प्रयोग.

मला फाइल मेलवर पाठवू नकोस. रकान्यांची नावं आणि मोजलेले आकडे तेवढे पाठव, म्हणजे कुठला रकाना ढोबळ करायचा ते सांगतो.

तुझा,
अनिरुद्ध