क्रमवारीतले आकडे तपासतो कोण?

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार. आपल्या दैनिकाच्या शिक्षणविषयक पानावर अमेरिकेतील विद्यापीठांची क्रमवारी नुकतीच छापून आली. कोण कितवे, कोण घसरले, कोण वर चढले हे सगळे त्यात होते. पण हे आकडे येतात कुठून आणि ते तपासतो कोण, याबद्दल एक ओळही नव्हती. ही उणीव किरकोळ नाही, म्हणून हे पत्र.

मी संख्याशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक आहे. प्रवेशअर्जांच्या दिवसांत ओळखीतले पालक अशा क्रमवारीचे कात्रण घेऊन माझ्याकडे येतात. नावांखाली पेनाने रेघा मारलेल्या असतात, समासात डॉलरचे रुपये करून मांडलेले गुणाकार असतात. काहींनी राहता फ्लॅट तारण ठेवायचेही ठरवून टाकलेले असते. २०२३-२४ या वर्षात अमेरिकेत ३,३१,६०२ भारतीय विद्यार्थी शिकत होते, इतर कोणत्याही देशापेक्षा जास्त. एवढ्या कुटुंबांचा पैसा जिथे गुंतला आहे, तिथला कारभार आपल्या वाचकांना समजायला हवा.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांमुळे कोलंबिया विद्यापीठाचे नाव महाराष्ट्रात घरोघरी पोचले आहे. दरवर्षी अमेरिकी विद्यापीठांची क्रमवारी काढणाऱ्या ‘यू. एस. न्यूज’च्या २०२१च्या यादीत ते हार्वर्ड आणि एमआयटीच्या बरोबरीने दुसरे होते. १९८८मध्ये ते अठरावे होते. फेब्रुवारी २०२२मध्ये त्याच विद्यापीठातले गणिताचे प्राध्यापक मायकेल थॅडियस यांनी स्वतःच्या संस्थेने दिलेले आकडे तपासून त्याचे सविस्तर टिपण जाहीर केले. विद्यापीठाचा दावा होता की ८२.५ टक्के वर्गांत विसापेक्षा कमी विद्यार्थी असतात. थॅडियस यांनी कोणतेही गोपनीय कागद मिळवले नाहीत. कोणत्या वर्गात किती नावे नोंदली आहेत हे विद्यापीठाच्याच संकेतस्थळावर उघड दिसत होते. त्यांनी ते वर्ग मोजले, तेव्हा प्रमाण ६३ ते ६७ टक्क्यांच्या घरात आले. अध्यापनावरचा खर्च तर ३१० कोटी डॉलर दाखवला होता, म्हणजे हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टन या तिघांच्या बेरजेपेक्षाही जास्त. रुग्णालयीन सेवेचा खर्चही त्यात धरला असावा, असे त्यांनी साधार मांडले.

पुढे विद्यापीठाने वर्गसंख्या आणि प्राध्यापकांच्या पदव्या यांबाबतची माहिती चुकीची होती हे मान्य केले आणि सप्टेंबर २०२२च्या यादीत कोलंबिया पुन्हा अठरावे आले. विद्यापीठाला विश्वस्त मंडळ होते, ॲक्रेडिटेशन म्हणजे दर्जाची अधिकृत मान्यता होती, यादी काढणारी नामांकित संस्था होती. यांच्यापैकी कोणाच्याही हे लक्षात आले नाही. लक्षात आले ते एका प्राध्यापकाच्या, आणि त्याला ते उघडपणे लिहिता आले कारण त्याला ‘टेन्युअर’ म्हणजे कायम नेमणुकीचे संरक्षण होते. वरिष्ठांना न रुचणारे लिहिले म्हणून त्याला घरी पाठवता आले नसते. या संरक्षणाला मी फार महत्त्व देतो.

फिलाडेल्फियाच्या टेंपल विद्यापीठातले प्रकरण याहून वाईट आहे. तिथल्या व्यवस्थापनशास्त्र विभागाचा ऑनलाइन एमबीए सलग चार वर्षे देशात पहिला ठरत होता. आलेल्या सर्व विद्यार्थ्यांनी जीमॅट ही व्यवस्थापनाची प्रवेशपरीक्षा दिली आहे असे कळवले जात होते. प्रत्यक्षात फार थोड्यांनी दिली होती. माजी अधिष्ठात्यांना न्यायालयाने दोषी ठरवले आणि २०२२मध्ये चौदा महिन्यांची शिक्षा झाली. पण त्या चार वर्षांत पहिला क्रमांक पाहून ज्यांनी प्रवेश घेतला, त्यांची वर्षे आणि फी त्याआधीच खर्ची पडली होती.

काही पालक म्हणतात, क्रमवारी राहू द्या, आम्ही ॲक्रेडिटेशन बघतो. आपल्याकडे नॅक आहे तसे एक सरकारी मंडळ तिथे नाही. हे काम खासगी संस्था करतात आणि केंद्रीय शिक्षण खाते त्या संस्थांना मान्यता देते. अशाच एका ‘एसीआयसीएस’ नावाच्या संस्थेने पुढे बुडालेल्या कोरिंथियन आणि आयटीटी या शिक्षणकंपन्यांच्या महाविद्यालयांवर शिक्का मारला होता. साउथ डकोटातल्या एका ‘विद्यापीठा’लाही तिने मान्यता दिली होती, २०२०मध्ये पत्रकारांनी शोध घेतला तेव्हा तिथे ना विद्यार्थी सापडले ना प्राध्यापक. एसीआयसीएसची स्वतःची मान्यता २०१६मध्ये गेली, २०१८मध्ये परत मिळाली आणि २०२२मध्ये पुन्हा गेली.

मिशिगनमधले ‘युनिव्हर्सिटी ऑफ फार्मिंग्टन’ तर खुद्द सरकारने व्हिसातील गैरप्रकार पकडण्यासाठी उभे केले होते. वर्ग नाहीत, शिक्षक नाहीत, तरी एका ॲक्रेडिटेशन संस्थेच्या यादीत त्याचे नाव होते. जानेवारी २०१९मध्ये सुरुवातीला पकडलेल्या १३० विद्यार्थ्यांपैकी १२९ भारतीय होते. त्यातल्या कितीकांना खरे काय ते ठाऊक होते यावर वाद झाला. पण ज्याने प्रामाणिकपणे ती यादी उघडून पाहिली असेल, त्याला तिथे होकारच मिळाला असता.

यापुढचा मुद्दा मला सर्वांत काळजीचा वाटतो. अमेरिकेतील विद्यापीठांचे उत्तरदायित्व मुख्यतः केंद्र सरकारच्या विद्यार्थी-कर्जाच्या पैशातून येते. कर्ज बुडवण्याचे प्रमाण फार वाढले तर त्या संस्थेची मदत बंद होते. कोरिंथियनच्या सुमारे ५ लाख ६० हजार विद्यार्थ्यांचे ५८० कोटी डॉलरचे कर्ज २०२२मध्ये सरकारने माफ केले. ‘कॉलेज स्कोअरकार्ड’ या सरकारी संकेतस्थळावर पदवीनंतर किती कमाई होते हे पाहता येते. पण आपली मुले एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर जातात. त्यांना ते सरकारी कर्ज मिळत नाही, म्हणून स्कोअरकार्डच्या कमाईच्या आकड्यांत ती धरली जात नाहीत, आणि संस्था बुडाली तरी पुण्याच्या बँकेतले कर्ज कोणी माफ करत नाही. तिथला सारा हिशेब तिथल्या करदात्यासाठी आहे. आपल्या मुलांना खरा आधार आहे तो उघड नोंदींचा आणि निर्भयपणे बोलू शकणाऱ्या प्राध्यापकांचा.

तोच आधार आता खचतो आहे. टेन्युअरच्या बाहेर, मुदतीवर किंवा तासिका तत्त्वावर नेमलेल्या प्राध्यापकांचे प्रमाण १९८७मध्ये ४७ टक्के होते, २०२१मध्ये ते ६८ टक्के झाले. पुढच्या सत्राला नेमणूक मिळेल की नाही याची धास्ती असलेला माणूस आपल्याच विद्यापीठाचे आकडे तपासायला बसेल का? २०१२मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठाच्या मंडळाने प्रेसिडेंट म्हणजे विद्यापीठप्रमुख टेरेसा सलिव्हन यांना अचानक पायउतार व्हायला लावले, तेव्हा प्राध्यापकांची सिनेट, म्हणजे त्यांची प्रातिनिधिक सभा, उभी राहिली, विद्यार्थी मैदानात जमले आणि त्याच महिन्यात त्याच मंडळाला त्यांना एकमताने परत घ्यावे लागले. टेक्सासमध्ये २०२५च्या कायद्याने सार्वजनिक विद्यापीठांतल्या अशा सिनेट ठेवायच्या की नाही हेच नियामक मंडळाच्या हाती दिले आहे. ठेवल्या तरी त्या फक्त सल्ला देणार, आणि त्यांचा प्रमुख विद्यापीठाचा प्रेसिडेंट नेमणार. ज्याच्या कारभारावर प्रश्न विचारायचे, त्यानेच प्रश्न विचारणाऱ्यांचा प्रमुख निवडायचा, हे मला पटत नाही.

आपल्याला माझी विनंती अशी. क्रमवारी जरूर छापा, पण त्यातली बरीचशी माहिती विद्यापीठांनी स्वतःच दिलेली असते, ही ओळ त्याच चौकटीत ठळक टाका. पालकांनी कोणत्या सार्वजनिक नोंदी पाहाव्यात, वर्ग शिकवणारे किती जण कायम आहेत हे कुठे विचारावे, यावर एखाद्या जाणकाराकडून लेख लिहवून घ्या. आणि डॅलस, ऑस्टिन, आर्लिंग्टनला शिकणाऱ्या मराठी मुलांशी बोलून, टेक्सासच्या कायद्याने त्यांच्या विभागात काय बदलले, याची बातमी द्या. फॉल सत्राचे अर्ज भरले जाण्याआधी ती आली तर अधिक बरे.

आपला,
एक निवृत्त प्राध्यापक, पुणे