जपानच्या ‘योशोकु’तले न दिसणारे मांस

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

नोकरीनिमित्त जपानात येणाऱ्या मराठी कुटुंबांत एक समज पक्का आहे: जपानी जेवणात मासे, तेव्हा शाकाहाऱ्याने सरळ पाश्चात्त्य पद्धतीचे रेस्टॉरंट गाठावे. तोक्योत निशिकासाईच्या आसपास असे एखादे नवे उघडले आणि दारात अभिनंदनाच्या फुलांचे उंच स्टँड लागले, की व्हॉट्सअॅपवर ‘व्हेज मिळतं का?’ सुरू होते. तिथे मिळणारी बरीच उत्तरे चुकीची असतात, म्हणून हे पत्र.

मुळात हे जेवण युरोपातले नव्हेच. मेजी सम्राटाने गोमांस खाल्ल्याचे १८७२ मध्ये जाहीर झाले, आणि पुढच्या काही दशकांत जपानी आचाऱ्यांनी स्वतःचे ‘योशोकु’, म्हणजे पाश्चात्त्य धाटणीचे जपानी जेवण, घडवले. ओमुराइसु (भातावर आम्लेट), हाम्बागु (खिम्याची टिक्की), दोरिया (पांढरा सॉस आणि चीज घालून भाजलेला भात) हे सगळे त्यातलेच. त्यात मांस वरून पेरलेले नसते, ते रश्श्यातच मुरलेले असते. ओमुराइसु म्हणजे वरून नुसते आम्लेट. पण आतला भात केचप आणि चिकन घालून परतलेला, आणि वरचा तपकिरी देमिगुरासु सॉस बहुधा गाईच्या हाडांच्या अर्काचा. मक्याच्या पिवळ्याधमक सूपमध्ये कोनसोमे, म्हणजे मांसाचा अर्क. सीझर सॅलडच्या ड्रेसिंगमध्ये अँचोव्ही मासा. ते टाळून ‘वाफू’, म्हणजे जपानी धाटणीचे, ड्रेसिंग मागितले तर त्यात कात्सुओ माशाचा अर्क निघू शकतो. लसूण-मिरचीच्या पेपेरोनचिनो पास्त्यातही बेकन सर्रास असते. रेस्टॉरंटच्या काचेत मांडलेला पदार्थाचा प्लास्टिकचा नमुना जवळून पाहिला तर बेकनचे गुलाबी चौकोन दिसतात. अर्क मात्र कुठल्याच नमुन्यात दिसत नाही.

‘बेजितारियन’ (व्हेजिटेरियनचा जपानी उच्चार) हा शब्द फारसा उपयोगाचा नाही. ऐकणारा त्याचा अर्थ ‘भाज्या आवडणारा’ असाही घेतो. ‘निकु नुकी’, म्हणजे मांस वगळून, म्हटले तर तुकडे काढतात, रस्सा तोच राहतो. शिवाय बेकन आणि हॅम ‘निकु’त धरतातच असे नाही. म्हणून पूर्ण वाक्य बोलावे: ‘निकु मो साकाना मो ताबेमासेन’ (मांसही नाही, मासेही नाही), आणि लगेच ‘दाशि मो दामे देसु’ (अर्कही चालत नाही). अंडे चालत असेल तर तेही सांगावे: ‘तामागो वा दाइजोबु’. नाहीतर भिडस्त वेटर अंड्याचे पदार्थही बाद करतो आणि तुमच्या पुढ्यात नुसता पाव येतो.

‘अॅलर्जी आहे’ असे खोटे मात्र सांगू नये. एकाच तेलात तळण, एकाच कढईत परतणे हा धोका पत्करायला नको म्हणून रेस्टॉरंट काहीच द्यायला नकार देऊ शकते, आणि त्यात त्यांची चूक नसते. साखळी रेस्टॉरंटांकडे ‘आरेरुगी ह्यो’ नावाचा अॅलर्जीच्या घटकांचा तक्ता असतो, तो मागावा. त्यात गाय, डुक्कर, कोंबडी यांचे रकाने असतील तर तिन्ही नावांच्या शेवटी ‘निकु’चे एकच चित्राक्षर दिसते, मोबाइलच्या कॅमेऱ्याने भाषांतर करून घ्यावे. तक्ता नोंद सक्तीची असलेल्या घटकांपुरता (अंडे, दूध, गहू, कोळंबी वगैरे) असेल तर मांसाबद्दल त्यातून काहीच कळत नाही. मोठ्या तक्त्यातही एक भोक आहे: बांगडा आणि सामन यांचे रकाने असतात, कात्सुओचा नसतो. जपानी स्वयंपाकात सगळीकडे शिरणारा मासा नेमका तोच. म्हणून दाशिचा प्रश्न तोंडीच विचारावा लागतो.

नव्या रेस्टॉरंटात पहिले काही आठवडे अडचण जास्त. ‘प्रशिक्षणार्थी’ असा बिल्ला लावलेली मुले ठरावीक उत्तरापलीकडे जात नाहीत, आणि सॉस बऱ्याचदा मध्यवर्ती स्वयंपाकघरातून तयार पाकिटात येतो. त्यातून काही काढणे आचाऱ्याच्याही हातात नसते. दुपारी दोननंतर गर्दी ओसरल्यावर जावे, मात्र मधल्या वेळेत बंद राहणारी ठिकाणे आधी पाहून ठेवावीत. रांग असेल तर दारातल्या कागदावर काताकाना या जपानी लिपीत नाव आणि किती जण ते लिहायचे असते. त्यातल्या त्यात कमी धोक्याचा पदार्थ म्हणजे मार्गेरिता पिझ्झा; तळलेले बटाटे मागवताना तेल वेगळे आहे का ते विचारावे. शेवटी गोड खाताना मूस आणि पन्ना कोत्ता जिलेटिनचे असतात. ‘कानतेन’ मात्र समुद्री शेवाळाचे, ते चालते.

टिप ठेवू नये; टेबलावर सुटे पैसे राहिले तर वेटर ते घेऊन रस्त्यापर्यंत मागे येतो.

माणसे इकडे पाठवणाऱ्या पुण्या-मुंबईच्या कंपन्यांना एक विनंती: वरची तीन वाक्ये जपानी लिपीत छापलेले खिशात मावेल एवढे कार्ड द्या. रोमन लिपीतले नको, आत आचाऱ्याकडे पोहोचते ते जपानी कार्डच.

– निशिकासाई, तोक्यो येथील काही मराठी कुटुंबे