हात मोडलाय, गेलेला नाही

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

माझं उजवं मनगट मोडलंय, म्हणून मी सांगते आहे आणि भाची लिहून घेते आहे. मधेमधे ती शब्द सुधारते, तेवढं चालवून घ्या.

मी इंदुरात रामबागेच्या बाजूला एका खोलीत नऊ वर्षं किरायाने राहते आणि चार घरी स्वयंपाक करते. गणपतीच्या आठ दिवस आधी एका बिल्डिंगच्या नुकत्याच पुसलेल्या जिन्यावर पाय सरकला, सगळा भार हातावर आला. हाड सरकलं होतं. आयुष्मान कार्डावर मनगटात दोन तारा घातल्या, वर प्लास्टर. दवाखान्याला पैसा लागला नाही. पैसा लागतो तो महिन्याच्या पाच तारखेला, मकानमालकाला द्यायला, आणि तो कुठल्या कार्डावर मिळत नाही.

डाव्या हाताने भाजी फोडणीला टाकता येते, कुकर लावता येतो. पोळी होत नाही. कणीक तिंबायला मनगट लागतं. मी एकदा करून पाहिलं, तर परातच गोल फिरत राहिली. त्यात हाच हंगाम. उकडीचे मोदक, महालक्ष्म्यांचा पुरणाचा स्वयंपाक, मग पितृपक्षातली श्राद्धाची जेवणं. या महिना-सव्वा महिन्याच्या वरकमाईतून मी दिवाळीच्या फराळाचं सामान भरते. या वर्षी सगळ्यांना नाही म्हणून कळवलं. अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीतल्या झांक्या, म्हणजे चित्ररथ, मात्र किती तरी वर्षांनी निवांत बसून बघितल्या.

चारांपैकी दोन घरांनी दुसरी बाई ठेवली. त्यांना दोष देत नाही, रोज जेवायचं तर त्यांनाही असतं. एका घराने महिन्याचा पूर्ण पगार हातावर ठेवला, एकाने अर्धा. तो खाण्यात आणि रिक्षात गेला. किराया साडेपाच हजार. दोन महिन्यांचे अकरा हजार थकले.

मकानमालक वाईट माणूस नाही. त्यांना पेन्शन नाही, दोन खोल्यांच्या किरायावरच त्यांची औषधं चालतात. पहिल्या महिन्यात "होईल तेव्हा द्या काकू" म्हणाले. दुसऱ्या महिन्यात मुलगा आला. दिवाळीच्या आधी खोली खाली करा, रंगवायची आहे. नऊ वर्षांत त्या खोलीला रंग लागलेला मी पाहिला नाही. मग एके दिवशी मोटर बंद. आमच्याकडे नळाला नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, तो दिवस चुकला की दोन दिवस गेले. शेजारून अर्धी अर्धी बादली आणली, भरलेली एका हाताने जिना चढत नाही.

भाचीने मला जिल्हा न्यायालयाच्या विधिक सेवा प्राधिकरणात नेलं. बायकांना तिथे मिळकत न विचारता फुकट वकील मिळतो, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं. वकीलबाईंनी सांगितलं की मध्य प्रदेशात 1961 चा कायदा आहे. थकलेल्या किरायासाठी आधी नोटीस द्यावी लागते आणि नोटीस मिळाल्यापासून दोन महिन्यांत पैसे भरले तर त्या कारणाने काढता येत नाही. दावा लागला तरी समन्स मिळाल्यापासून महिन्याभरात कोर्टात थकबाकी भरायची आणि पुढे दर महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत भरत राहायचं. ही सवलत एकदा घेतल्यावर सलग तीन महिने थकले तर मात्र ती पुन्हा मिळत नाही. कोर्टाच्या हुकमाशिवाय सामान बाहेर काढता येत नाही, पाणी तोडता येत नाही. एवढं ऐकून मला धीर आला. मग त्यांनी विचारलं, "पावत्या आहेत?"

नाहीत. नऊ वर्षं रोख दिले. अकरा महिन्यांचा करार पहिल्या वर्षी झाला, तो मालकाच्या कपाटात आहे. माझ्यासारख्या ज्या बायका हे वाचतील किंवा ज्यांना कुणी वाचून दाखवेल, त्यांनी या महिन्यापासून साध्या वहीत का होईना, मालकाची सही घ्यावी.

आता विम्याचं. बँकेत दरवर्षी 20 रुपये कापले जातात, त्या सुरक्षा विम्याचं विचारायला गेले. एक हात कायमचा गेला तर एक लाख, दोन्ही गेले तर दोन लाख. मोडला आणि बरा होणार असेल तर काही नाही. खिडकीवरचा मुलगा भला होता, तो म्हणाला, "काकू, बरं झालं ना मग." बरंच झालं. राज्याच्या असंघटित कामगारांसाठीच्या संबल योजनेतही मृत्यू नाही तर कायमचं अपंगत्व, तिसरा रकाना नाही. आणि आमच्या शेजारचा मुलगा पीथमपूरला कारखान्यात आहे, मशीनवर बोट चेंगरलं तेव्हा ईएसआयमधून, म्हणजे कारखान्याच्या कामगार विम्यातून, कामावर परत जाईपर्यंत पगाराच्या 90 टक्के मिळत होते. त्याच्या बोटाचा हेवा नाही. पण दुसऱ्याच्या घरी स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या अशा दीड-दोन महिन्यांचा हिशेब कुणीच ठेवत नाही, आणि घर जातं ते त्याच दीड-दोन महिन्यांत.

सरकार करेल तेव्हा करेल. इंदुरात आपली मराठी मंडळं कमी नाहीत. गणपतीची वर्गणी मीही दिली, 251 रुपये, गळ्यात पट्टा अडकवून. त्यातून प्रत्येक मंडळाने थोडी रक्कम बाजूला ठेवावी. काम करणाऱ्या माणसाला दुखापत झाली, डॉक्टरचा कागद आहे, तर तीन महिन्यांपर्यंतचा किराया सरळ मकानमालकाला द्यावा आणि माणूस कामाला लागला की महिन्याला हजार हजार परत घ्यावेत. दान मागत नाही. आमच्या मकानमालकांनाही हे चाललं असतं, त्यांनी स्वतःच मला विचारलं होतं, "कुणी जामीन राहील का?"

तारा येत्या 12 तारखेला निघणार. त्यानंतरही पंधरा दिवस कणीक मळायची नाही असं डॉक्टर म्हणालेत. मी दोन घरी सोमवारपासून येते म्हणून सांगून टाकलंय. भाजी-आमटी मी करीन, पोळ्या तेवढ्या त्यांनी लाटाव्यात.

आपली,
एक स्वयंपाकाच्या काकू, रामबाग, इंदूर
(नाव छापू नये, मकानमालकही हाच पेपर वाचतात.)