बोटीतला नळ

हॅम्बल (इंग्लंड), १४ फेब्रुवारी

ती. अण्णा आणि आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

मी मजेत आहे. थंडी आहे, पण चादर आहे. शेंगाचटणी अजून पुरतेय. नोकरी तीच, यार्डात बोटी दुरुस्त करायची. आपल्या सोलापूरची गड्ड्याची जत्रा याही वर्षी चुकली. नंदीध्वजांचे फोटो मिळाले, ते रोज बघतो.

आई, "बोटीत पाणी गळतं म्हणजे बुडायची भीती," असं तू फोनवर म्हणालीस. तसं काही नाही गं. या दिवसांत बोटी यार्डात टेकूवर उभ्या असतात. गळतो तो स्वयंपाकाच्या ओट्यावरचा नळ, आणि त्याने बोट बुडत नाही. मात्र शिडाच्या बोटीत गोडं पाणी २००-३०० लिटर, त्यावर बरेच दिवस काढायचे. सेकंदाला एक थेंब गळला तरी दिवसाला चार लिटर जातात. शिवाय पाइपातला दाब उतरला की १२ व्होल्टचा पंप आपोआप सुरू होतो, म्हणजे रात्रभर बॅटरीही उतरते. ओट्याखालच्या प्लायवुडला तर खाऱ्यापेक्षा गोडं पाणी लवकर कुजवतं. तळात पाणी दिसलं की इथले जुने कारागीर करंगळी बुडवून जिभेला लावतात: खारट लागलं तर समुद्राचं, गोडं लागलं तर टाकीचं.

अण्णा, बोटीतला नळ कसा बदलतात ते तुम्ही विचारलं होतं, म्हणून सविस्तर लिहितो. हे नळ बहुधा थंडीत जातात. आत राहिलेलं पाणी गोठून फुगतं आणि नळातलं कार्ट्रिज, म्हणजे पाणी सोडणारा-अडवणारा आतला भाग, तडकतं. आधी पंपाचा आणि गिझरचा स्विच बंद करायचा, कारण गिझर रिकामा तापला तर कॉइल जळते. मग नळ उघडून दाब सोडायचा. सिंकचा पाइप वाटेत येत असेल आणि बोट पाण्यात असेल, तर तो काढण्याआधी बुडाचा कॉक, म्हणजे सिंकचं पाणी जिथून समुद्रात जातं तिथली चावी, बंद केलाच पाहिजे. तो उघडा राहिला तर मात्र समुद्र आत येतो, तिथे हयगय चालत नाही.

खरी अडचण नळ ओट्याला आवळून धरणाऱ्या नटाची. तो ओट्याखाली अगदी वर, नेहमीचा पाना फिरणार नाही अशा जागी असतो. त्याला लांब दांड्याचा बेसिन पाना लागतो. गंजून बसला असेल तर तेल सोडून रात्रभर ठेवायचा, जोर केला तर ओटाच चिरतो. नवा नळ घेण्याआधी भोकाचं माप घ्यायचं, बहुतेक ३५ मिलिमीटर असतं. कडेने प्लायच्या आत पाणी मुरू नये म्हणून सिलिकॉन लावायचं. कायमचा चिकटवणारा गोंद नको, नळ पुन्हा कधीतरी काढावा लागतोच. जिथे वायसर बसतो तिथे टेफ्लॉन टेपचं काम नसतं. प्लॅस्टिकचा नट हाताने आवळून वर पाव फेरा, बस्स. जास्त आवळला की आज नाही, महिन्याने फुटतो. पाइप टोकावर चढत नसेल तर गरम पाण्यात धरायचा. शेवटी तोंडाची जाळी काढून पाणी सोडायचं, नाहीतर कचरा तिथेच अडकतो. नळ बंद करून सांध्यांखाली कोरडा कागद ठेवायचा. कोणी नळ उघडलेला नसताना पंप पुन्हा वाजला, तर अजून कुठेतरी गळतंय.

इथल्या लोकांची एक सवय मात्र अजून पचनी पडत नाही. सिंकमध्ये प्लॅस्टिकचा टब ठेवतात, त्यात साबणाचं गरम पाणी भरतात आणि सगळी भांडी त्याच एका पाण्यात घासतात. आधी पेले, मग ताटल्या, शेवटी तेलकट पातेली. मग ती तशीच फेसासकट निथळत ठेवतात किंवा फडक्याने पुसतात. खळखळून धुणं नाहीच! घरात नळाला चोवीस तास पाणी असून ही रीत. बोटीवर ती पटते, घरात नाही. आई, माझी भांडी मी आपल्यासारखीच धुतो.

आपल्या ओट्यावरचा नळ अजून गळतोच म्हणे. पाणी चार-पाच दिवसांनी येतं, आणि टाकी अशी रिकामी होते. मी असतो तर अर्ध्या तासाचं काम होतं. टाकीचा कॉक बंद करून वायसर बदलून बघा. वायसर नवा घालूनही गळला तर वायसर जिथे टेकतो ती आतली बैठक झिजली आहे, नळच बदला. आटे अर्धा इंचीच असतात, इथले आणि आपले सारखेच. पितळी घ्या, वजनाला हलका घेऊ नका.

छोटीच्या लग्नासाठी दीड लाख पाठवलेत. कार्यालयाचा विसार आणि आचाऱ्याची उचल त्यातून द्या, सोसायटीचं कर्ज काढू नका. वसंतात बोटी पाण्यात उतरवतात, म्हणून आठ दिवस आधी सुट्टी मिळत नाही. हळदीच्या आदल्या रात्री पोचतो. छोटीला मीच सांगेन, तुम्ही काही बोलू नका. माझ्या स्थळाचं लग्नानंतर बघू, टाळत नाहीये.

पाहुणे भरायच्या आत नळाचं उरका. प्लंबर आला की मला व्हिडिओ कॉल लावा, पहाटे असला तरी.

तुमचा,
बाळू